जलसंजीवनीचा हिशेब

मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएसचं एक लिटरचं पाकीट उलटं केलं की मागे चार घटक छापलेले दिसतात. सोडियम क्लोराईड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये मान्य केलेलं हे प्रमाण. वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती ग्लुकोजची. मिठाच्या पाचपट? जुलाबाने गळून गेलेल्या लेकराला इतकं गोड कशासाठी पाजायचं?

ग्रॅममध्ये शोधलं तर याचं उत्तर सापडत नाही. त्यासाठी नववीच्या विज्ञानात भेटलेल्या आणि परीक्षेनंतर बहुतेकांनी सोडून दिलेल्या मोलकडे परत जावं लागतं.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना मिळून आत ओढतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये प्राग इथे मांडली. कॉलऱ्यात आतडं भराभरा पाणी बाहेर टाकत असतं, तरी हा मार्ग शाबूत राहतो. जलसंजीवनीचं सारं यश या एका गोष्टीवर उभं आहे. हे प्रथिन एका ग्लुकोजमागे दोन सोडियम आत घेतं. एसटीचा कंडक्टर प्रवासी मोजतो, त्यांचं वजन करत नाही. तसंच इथेही कणांची संख्या महत्त्वाची, त्यांचं वजन नाही.

कण मोजायचे कसे? ते तर डोळ्यांना दिसतही नाहीत. रसायनशास्त्राने यावर काढलेली युक्ती फार सुंदर आहे: मोजायचे कण, पण तागडीने. कोणत्याही पदार्थाच्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतक्या कणांना एक मोल म्हणतात. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच कायमचा ठरला आहे. एका मोलचं ग्रॅममधलं वजन म्हणजे मोलर वस्तुमान, आणि ते काढायला फक्त बेरीज यावी लागते. सोडियम २३, क्लोरीन ३५.५, म्हणून मिठाचं मोलर वस्तुमान ५८.५. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात; ७२, १२ आणि ९६ मिळून १८०. म्हणजे ग्लुकोजचा रेणू मिठाच्या एका जोडीपेक्षा तिपटीहून जड.

आता पाकीट पुन्हा वाचायचं. १३.५ ला १८० ने भागलं की ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल ग्लुकोज. मिठाचे २.६ ग्रॅम भागिले ५८.५ म्हणजे सुमारे ४५ मिलिमोल सोडियम. सायट्रेटचं मोलर वस्तुमान २९४, म्हणून २.९ ग्रॅममध्ये साधारण १० मिलिमोल. पण त्याच्या प्रत्येक रेणूत सोडियम तीन, तेव्हा आणखी ३० मिलिमोल. एकूण सोडियम ७५, ग्लुकोजही ७५! ग्रॅममध्ये एकतर्फी दिसणारं मिश्रण मोलमध्ये बरोबरीचं निघतं. ग्लुकोज निदान सोडियमइतकं असावं आणि लिटरमागे १११ मिलिमोलपेक्षा जास्त नसावं, असा आरोग्य संघटनेचा दंडकच आहे.

हा १११ चा आकडा जुना आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात पुड्या बांधल्या. लिटरमागे खायचं मीठ ३.५ ग्रॅम, खायचा सोडा २.५ ग्रॅम आणि ग्लुकोज २२ ग्रॅम. द्रावण पिंपात ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पुढे अधिकृत सूत्रात ग्लुकोज २० ग्रॅम लिहिलं गेलं, पण त्यामुळे औषध बदललं नाही. बनगावचं ग्लुकोज बाजारातलं होतं. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणू चिकटलेला, म्हणून मोलर वस्तुमान १९८. २२ भागिले १९८ आणि २० भागिले १८०, दोन्हींचं उत्तर एकच: १११ मिलिमोल. योगायोग असा की मोलला आंतरराष्ट्रीय पद्धतीत मूलभूत एककाचा मान मिळाला तोही १९७१ मध्येच. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ते फार आधी मिळायला हवं होतं.

मोलच्या हिशेबाची आणखी एक बाजू आहे, संहतीची. लिटरभर द्रावणात किती मोल, हे सांगते ती मोलरता. आजच्या सूत्रात सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराईड ६५, पोटॅशियम २० आणि सायट्रेट १०, म्हणजे लिटरमागे विरघळलेले कण एकूण २४५ मिलिमोल. रक्तात हाच आकडा २९० च्या आसपास असतो. पाणी कमी कणांकडून जास्त कणांकडे सरकतं, त्यामुळे ते आतड्यातून रक्तात जायला मदत होते. जुन्या सूत्राची बेरीज ३११ होत होती, रक्तापेक्षा जास्त. ती खाली आणण्यासाठीच २००२ चा बदल झाला.

रक्तशर्करेच्या रिपोर्टमध्येही हाच हिशेब लपलेला असतो. इथे डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅम लिहिलेली साखर लंडनच्या रिपोर्टमध्ये लिटरमागे ५ मिलिमोल होते. मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनी घाबरू नये; इथल्या आकड्याला १८ ने भागायचं. हे १८ ग्लुकोजच्या १८० मधूनच येतात, कारण लिटरमध्ये डेसिलिटर दहा.

संहती चुकली की औषधच उलटतं. एक लिटरचं पाकीट घाईत पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात कालवलं, तर सोडियम ७५ चं ३७५ होतं आणि एकूण कण १,२२५. मग पाणी रक्तातून उलट आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पाणी जास्त घातलं तर मीठ पुरत नाही. म्हणून ‘थोडं थोडं कालवून देऊ’ हा घरगुती शहाणपणा इथे चालत नाही. ओआरएस हे नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांचाही प्रश्न हाच होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हे शब्द वापरायला मनाई केली.

दुकानात मोठं पाकीटही मिळतं आणि पेलाभर पाण्यासाठीचं छोटंही. घरी आणलेलं पाकीट फोडण्याआधी त्यावर पाणी किती लिहिलं आहे ते वाचा, तेवढंच उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या, पाकीट एकदम पूर्ण रिकामं करा आणि २४ तासांनंतर उरलेलं द्रावण ओतून द्या.