अनलिमिटेड ५-जी: घरात खरंच कुणाला हवंय?

आपल्या बेळगाव-निपाणी भागात घरोघरी चार फोन, चार रिचार्ज. ३ जुलै २०२४ रोजी जिओ-एअरटेलचे दर वाढले आणि अनलिमिटेड ५-जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतंच उरलं. पण ते सगळ्यांना लागतंच असं नाही. आजी-आजोबांना फक्त बोलायचं असेल, तर ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे आलेले बिनडेटाचे पॅक पाहा. मोठा प्लॅन अभ्यास करणाऱ्यांना, नोकरीवाल्यांना ठेवा. कंपनी बदलायची तर आधी शेजाऱ्यांच्या फोनवर घरातली रेंज तपासा, मग १९०० ला एसएमएस करून पोर्ट करा. निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये, पलीकडचं कागल महाराष्ट्रात. तरी जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच राहतो. घरातले सगळे रिचार्ज एकदा कागदावर मांडा, जास्तीचा खर्च लगेच दिसेल.