गाडी कशासाठी, हे कोण ठरवतं?

तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर मोटरसायकलवर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. दिसू दे. आपल्या भिवंडी बायपासवरून पहाटे सामान बांधून नाशिककडे निघालेल्या मोटरसायकली आपण सगळेच पाहतो. त्यांतली एक, बजाजची डोमिनार ४००, आज उदाहरणाला घेऊ. प्रश्न मात्र जुनाच: वस्तूचं प्रयोजन कोण ठरवतं? घडवणारा की वापरणारा?

ॲरिस्टॉटल म्हणे, वस्तू समजायची तर चार गोष्टी विचारा. कशाची केली, कोणत्या रूपाची, कोणी केली आणि कशासाठी. यांतलं चौथं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकीची तीन त्याच्या मागून येतात.

आता गाडीकडे या. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत बजाजने हिचं संकल्पना-रूप दाखवलं, तेव्हा नाव होतं पल्सर सीएस४००. पल्सर म्हणजे वेग, हे समीकरण २००१ पासून लोकांच्या मनात रुजलेलं. प्रत्यक्षात डिसेंबर २०१६ मध्ये चाकणहून जी गाडी आली, तिचं नाव डोमिनार. नाव बदललं म्हणजे 'कशासाठी' हेही बदललं का?

इंजिन पाहा. ३७३ सीसीचं हे इंजिन केटीएम ३९० ड्यूकच्या इंजिनावरून घेतलेलं. ड्यूक हलकी, चपळ. तिच्यात दोन कॅमशाफ्ट. इथे एकच ठेवला आणि स्पार्क प्लग तीन दिले. ड्यूकची ताकद ४३ पीएसच्या आसपास, हिची ३५. कमी का केली? तर इंजिन फार न पिळवटता, खालच्या फेऱ्यांतही ओढ मिळावी म्हणून. वजन १८२ किलो. मोकळ्या हमरस्त्यावर हे वजन गाडीला स्थिर ठेवतं. अंजूरफाट्याच्या कोंडीत तेच अंगावर येतं. एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं.

पुढे २०१९ मध्ये दोन कॅमशाफ्ट आले, ताकद ४० पीएस झाली, पुढचे शॉक-ॲब्सॉर्बर उलट्या धाटणीचे आले. म्हणजे सोडलेला वेग थोडा परत घेतला. आणि २०२१ मध्ये उंच काच, हातांना आडोसा, सामानाचं कॅरियर, इंजिनाखाली संरक्षक पत्रा, मोबाइल चार्जिंग, हे सगळं कारखान्यातूनच बसून येऊ लागलं. गंमत बघा, लांब जाणारे स्वार अशाच वस्तू आपापल्या खर्चाने गाडीला लावत होते. वापरणाऱ्याचा जुगाड घडवणाऱ्याचा आराखडा झाला!

मग काहीही कशासाठीही वापरता येतं का? नाही. वजन, चौकट, इंजिनाची ओढ यांनी दूर जाण्याची शक्यता आधीच ठेवली होती. घडवणारा शक्यता ठेवतो, वापरणारा त्यांतली एक निवडतो. प्रयोजन या दोघांच्या मध्ये घडतं.

हे मान्य केलं की एक जबाबदारी येते, आणि ती इथे बसलेल्या तरुणांना सांगायची म्हणूनच हा विषय घेतला. बायपासवर ट्रकच्या रांगांतून हीच गाडी शर्यतीसारखी काढलीत, तर 'कंपनीने वेग दिला' हे उत्तर चालणार नाही. शक्यता त्यांनी ठेवली, निवडली तुम्ही.

तेव्हा किल्ली फिरवण्याआधी चौथा प्रश्न स्वतःलाच विचारा: कशासाठी? इथेच थांबतो.