चिखलात रुतलेले चाक

भातखाचरात चिखलणी करतेवेळी ट्रॅक्टरचे मागील चाक रुतल्यास त्यास लाकडी ओंडका साखळीने बांधून पुढे काढू पाहणारे पुष्कळ आढळतात. ही रीत प्राणघातक होय. ओंडका अडून चाक फिरेनासे झाले म्हणजे इंजिनाचा जोर धडास लागतो, तोंड वर उचलले जाते, व डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर हाकणाऱ्यावर उलटतो.

यास्तव खाचरात उतरण्यापूर्वीच मागील चाकांस लोखंडी केज व्हील जोडावी. तिच्या आडव्या पट्ट्या चिखलात पकड घेतात व भारही रुंद जागेवर पसरतो. इतके करूनही चाक रुतल्यास मागील चिखल उकरून ट्रॅक्टर उलट हाकावा. न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढवावा. तासाभराचा खोळंबा भरून निघतो. घरचा कर्ता गेल्यास ती हानी भरून निघत नाही.