कुत्रा तिखट आहे की घाबरलेला?

उद्यमबागेतल्या वर्कशॉपांच्या गेटांवरून चक्कर मारा, साखळीला बांधलेला एखादा कुत्रा हमखास दिसेल. मालक कौतुकाने सांगतात, "तिखट आहे हं, जवळ जाऊ नका!" आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधला मोत्याही असाच. लेथ घरघरू दे, ग्राइंडरच्या ठिणग्या उडू देत, हा आपला निवांत झोपलेला. पण डबा घेऊन घरची सून आली किंवा कुणी छत्री उघडली, की साखळी तुटेल एवढा थयथयाट. शेवटी एकदा तो शेजारच्या मुलाच्या पोटरीला चावला, तेव्हा कुठे मालकांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, "हा तिखट नाही हो, भित्रा आहे."

कारण साधे होते. मोत्या महिन्याचा असताना आणला आणि चार महिन्यांचा होईपर्यंत शेडबाहेर पडलाच नाही. लेथ त्याच्या घरचा. लहान मूल, साडी, छत्री हे सगळे परके. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आपले वाटते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पिल्लांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ साली पुस्तक लिहिले, त्यातही या नाजूक काळावर भर आहे. त्यातले पहिले आठ आठवडे तरी पिल्लू आई-भावंडांतच हवे. किती जोरात चावले की समोरचा कळवळतो, हे ते तिथेच शिकते.

पण नेमक्या याच काळात लसीकरण चालू असते. पार्व्होच्या भीतीने आपण पिल्लाला कोंडून ठेवतो आणि डोस पुरे होईतो वेळ निघून जाते! यावर उपाय म्हणजे कडेवर घेणे. खानापूर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे त्याला घेऊन उभे राहा. ट्रक, हेल्मेटवाले, शाळेची मुले, काठी टेकत येणारे आजोबा दिसू देत. भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली मात्र सोडू नका. गणपतीतला ढोल आधी मोबाइलवर, अगदी हळू आवाजात ऐकवा.

आपल्या भागात मुधोळ कुत्र्याची हौस मोठी, आणि ती असावीच. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने नावारूपाला आणलेली ही जात २००५ साली टपाल तिकिटावर आली, २०१६ पासून लष्करातही तिचे प्रशिक्षण सुरू झाले. पण हा कुत्रा स्वभावाने परक्यांपासून दूर राहणारा. कुणीही उठून अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. म्हणून मुधोळच्या पिल्लाला माणसांची ओळख जास्तच हवी.

आपल्या दुभाषी घरांत आणखी एक गंमत. आजी म्हणते "बा", आई म्हणते "ये", नातू म्हणतो "कम". पिल्लू बिचारे बघतच राहते. त्यात मराठी "बस" म्हणजे खाली बस आणि पुरे कर, दोन्ही! त्यापेक्षा कन्नड "कुंद्रु" बरे. भाषा कुठलीही चालेल, पण एका कामाला एकच शब्द आणि तो घरात सगळ्यांचा.

मोठ्या कुत्र्याचे काय? तेही जमते, पण सावकाश. ज्याची भीती आहे ते दिसेल, पण तो भुंकणार नाही, एवढ्या अंतरावर उभे राहायचे आणि आवडता खाऊ द्यायचा. काही दिवसांनी दोन पावले पुढे. भुंकला तर पुन्हा मागे. ओढत न्यायचे नाही, पाहुण्यांनी डोक्यावर थोपटायचे नाही. गुरगुरल्याबद्दल तर मुळीच मारू नका. गुरगुरणे ही सूचना असते. ती मारून बंद केली की तो न सांगता चावतो. घरात जुना कुत्रा असताना पिल्लू आणायचे असेल, तर पहिली भेट घराबाहेर घालून द्या आणि जेवणाची भांडी वेगळी ठेवा.

आणि कुत्रा चावलाच, तर हळद-चुना न लावता जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोत्याला आता गेटापासून लांब, शेडच्या मागे बांधतात. फिरायला नेताना तोंडाला जाळी असते. चार महिने झाले, रोज संध्याकाळी सून लांबूनच त्याला भाकरीचा तुकडा टाकते. आता ती दहा फुटांवर आली तरी तो शेपटी हलवतो. छत्रीचे मात्र अजून जमलेले नाही.