नव्या अभ्यासक्रमाची मागणी कशी जोखावी?

आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी विद्यापीठ मागणीचा अंदाज घेते. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांचा कल, नोकरीच्या संधी आणि इतर विद्यापीठांतील प्रवेशसंख्या पाहिली जाते. केवळ उत्सुकतेवर विसंबता येत नाही. शुल्क कळताच अनेक होकार गळतात.

तरीही आकडे पुरेसे नसतात. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले. पहिल्या महायुद्धात बळी पडलेल्या तेथील विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या भगिनींनी त्यासाठी देणगी दिली. विषयच नवा, मागील प्रवेशांचे आकडे असणार कोठून? गरज मात्र युद्धानेच दाखवून दिली होती. म्हणून अर्ज अवश्य मोजावेत; परंतु त्याबरोबर काळाची निकडही ओळखावी.