लढाऊ विमानाची भागीदारी : 'कसे' आणि 'का'

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपमध्ये काम कसे येते, हे तिथल्या शाळांतील पुष्कळ मुलांना घरातूनच माहीत असते. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग येते. त्यावर व्यास लिहिलेला असतो, तो किती कमीजास्त चालेल ते असते, धातू कोणता तेही असते. लेथवरचा कारागीर त्याबरहुकूम भाग करून देतो. पण व्यास बारा मिलिमीटरच का, अकरा का नाही, हे त्या कागदावर नसते. ते ठरवताना कोणती गणिते केली, कोणते नमुने चाचणीत मोडले, ही माहिती गिऱ्हाइकाच्या कपाटातच राहते. शेजारच्या उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'ची थट्टा सर्वांना ठाऊक आहे. नकलेलाही अक्कल लागते हे खरेच, पण तयार वस्तू मोजून मापे मिळतात, मापांमागचे कारण मिळत नाही.

अनेक देश मिळून पुढल्या पिढीचे लढाऊ विमान बनवणार, अशा बातम्या अलीकडे वारंवार येतात. ब्रिटन, जपान आणि इटली हे २०२२ सालच्या डिसेंबरात एकत्र आले. त्यांचे विमान २०३५ पर्यंत सेवेत यावे असा बेत आहे. फ्रान्स व जर्मनीने २०१७ साली दुसरा प्रकल्प सुरू केला व पुढे त्यात स्पेनही आला. रडारला सहजी न दिसणारा आकार, पंखांखाली न टांगता पोटात ठेवलेली शस्त्रे आणि सोबतीला वैमानिकरहित विमाने, अशी या विमानांची कल्पना आहे. एकत्र येण्याचे पहिले कारण पैसा. आराखडा, चाचण्या आणि पहिली प्रतिरूपे यांचा खर्च शंभर विमाने बनवा की हजार, जवळजवळ तेवढाच येतो. तो जितक्या अधिक विमानांवर वाटला जाईल तितके एकेक विमान स्वस्त पडते. मात्र खर्च वाटून घेणे सोपे असते. 'का'चे कपाट वाटून घेणे फार कठीण, आणि बहुतेक भागीदाऱ्या तिथेच अडतात असे आम्हाला वाटते.

याचा अनुभव आपल्या महाराष्ट्रातच आहे. कल्याणहून कर्जतकडे न वळता कसाऱ्याच्या मार्गाने गेले की नाशिक येते, आणि नाशिकजवळ ओझर. सोव्हिएत संघाशी १९६२ साली झालेल्या करारानंतर १९६४ साली तेथे मिग-२१ विमानांचा कारखाना निघाला. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने या जातीची सहाशेहून अधिक विमाने बांधली. हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला तो २६ सप्टेंबर २०२५ रोजी. या कामातून हजारो कारागीर व अभियंते तयार झाले, ही मिळकत लहान नव्हे. पण हे परवान्यावरचे उत्पादन होते. ड्रॉइंग दुसऱ्याचे होते.

त्याआधी बंगलोरला वेगळा प्रयत्न झाला होता. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांड्टल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली उडाले. (पाठ्यपुस्तकांत घाटगे यांचे नाव फारसे दिसत नाही, याचे नवल वाटते.) पुढे १९५६ साली जर्मन आरेखक कुर्ट टांक यांना बोलावून 'मरुत' या लढाऊ विमानाचे काम सुरू झाले आणि १७ जून १९६१ रोजी मरुतने पहिले उड्डाण केले. वेग ध्वनीच्या दुप्पट हवा होता, त्यामुळे सांगाडा एका नियोजित शक्तिमान ब्रिटिश इंजिनाच्या भरवशावर आखला होता. ते इंजिन पुरे करण्याचा खर्च ब्रिटन सोशीना आणि आपणही दिला नाही. मग जुनी, कमी जोराची दोन ऑर्फियस इंजिने बसवावी लागली व विमान अपेक्षित वेगाच्या जवळपासही पोचले नाही. इजिप्तमध्ये एक ऑस्ट्रियन तज्ज्ञ नवे इंजिन तयार करत होता. आपण एक मरुत तिकडे पाठवले आणि १९६७ साली ते त्या इंजिनासह उडालेही. भारतीय सांगाडा, जर्मन आरेखक, इजिप्तचे इंजिन, अशी ही बहुराष्ट्रीय भागीदारीच होती. पण ती तडीस गेली नाही.

सुखोई-३० एमकेआय या विमानाची कथा अधिक बोधक आहे. रशियाशी पहिला करार १९९६ साली झाला, आणि १४० विमाने येथे बांधण्याचा परवाना २००० साली मिळाला. ती ओझरलाच बांधली गेली. सांगाडा व इंजिन रशियन, काही उपकरणे फ्रान्स व इस्राएलची, आणि मुख्य संगणकांपैकी काही आपल्या संरक्षण संशोधन संस्थेचे. अशी सरमिसळ करायची तर कोणते उपकरण कोणत्या भाषेत बोलते, किती वीज घेते, एकाचा संदेश दुसऱ्याला कसा समजतो, हे सारे कोणीतरी जाणून असावे लागते. जोडणी करताकरता आपल्या लोकांच्या हाती त्या कपाटाचा एक कप्पा आला.

त्याचा कस ब्राह्मोस क्षेपणास्त्र बसवताना लागला. विमानातून सोडायच्या ब्राह्मोसचे वजन सुमारे अडीच टन. विमान सरळ उडत असताना पोटाखालच्या आधारावर अडीच टनांचा भार येतो. पण वैमानिकाने विमान असे वळवले की सर्व गोष्टी तिप्पट जड भासाव्यात, तर तोच आधार साडेसात टन तोलतो. हा भार आधारातून सांगाड्याच्या कोणत्या कण्यात जातो, तो कणा किती वाकतो, हजारो फेऱ्यांनंतर तेथे तडा जाईल का? अडीच टन अचानक सुटल्यावर विमान वर उसळेल त्याचे काय? याची उत्तरे मूळ ड्रॉइंगवर नव्हती. ओझरच्या अभियंत्यांनी सांगाडा मजबूत केला, २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोससह विमान नाशिकहून उडाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर क्षेपणास्त्र प्रत्यक्ष सोडले गेले. दुसऱ्याने आखलेल्या विमानात स्वतः गणित करून बदल करणे म्हणजे 'का'च्या प्रांतात पाऊल टाकणेच होते.

याच सुमारास पाचव्या पिढीच्या विमानासाठी रशियाशी भागीदारी चालू होती. सरकारांमधला करार २००७ साली झाला. प्राथमिक आराखड्याचा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला आणि त्यासाठी २९ कोटी ५० लाख डॉलर ठरले. पण तारखा नीट पाहा : त्या विमानाचे पहिले रशियन प्रतिरूप २९ जानेवारी २०१० रोजीच उडाले होते. (अंबरनाथकरांना 'प्रोटोटाइप' म्हणजे काय ते सांगायला नको, तो शब्द तेथील सरकारी कारखान्याच्या नावातच आहे.) प्रतिरूप उडाले म्हणजे आकार, पंख, इंजिनांची जागा हे मोठे निर्णय होऊन गेलेले असतात. आराखड्यात भागीदार व्हायला आपण जरा उशिराच पोचलो होतो. २०१८ साली भारत यातून बाहेर पडला.

बरोबरीच्या देशांतही हे सुखाने होत नाही. ब्रिटन, जर्मनी, इटली व स्पेन यांच्या युरोफायटरचा डावा पंख इटलीत होतो आणि उजवा स्पेनमध्ये. दोन्ही पंख एकाच धडाला बिनचूक बसतात, कारण मापे आणि ती तपासण्याची गेजे सर्वत्र एक आहेत. हा 'कसे'चा भाग उत्तम जमला. फ्रान्स मात्र १९८५ साली त्या गटातून निघाला. त्याला विमानवाहू जहाजावर उतरू शकेल असे हलके विमान हवे होते, आणि आराखड्याचे नेतृत्वही. त्याने एकट्याने राफेल बनवले. त्यातलीच ३६ विमाने भारताने २०१६ साली घेतली. फ्रान्स-जर्मनी-स्पेन यांच्या नव्या प्रकल्पातही नेतृत्व कोणाचे यावरून फ्रान्सची दासो आणि एअरबस या कंपन्यांमधला वाद २०२५ साली उघड्यावर आला.

आपल्याकडे आता खरा प्रश्न इंजिनाचा आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. त्याचा आराखडा आपला, इंजिन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे. २०२१ साली अशी ९९ इंजिने मागवली, त्यांतले पहिले मार्च २०२५ मध्ये आले. झोत इंजिनाच्या टर्बाइनवर आदळणारा वायू पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असतो. पाते टिकते ते त्याच्या आतल्या बारीक वाहिन्यांतून खेळणाऱ्या हवेमुळे, अंगावरील लेपामुळे आणि सबंध पाते एकच स्फटिक म्हणून ओतल्यामुळे. असे पाते कापून पाहिले तर वाहिन्या दिसतील. स्फटिक कोणत्या वेगाने थंड केला ते दिसणार नाही. एएमसीए या आपल्या पुढल्या विमानाच्या इंजिनासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर काम करण्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. त्या करारात टर्बाइनच्या पात्याविषयी काय लिहिले जाते, तिकडे आमचे लक्ष राहील.