हरवलेली डावी बाजू

आपण डोळ्यांनी पाहतो, असे आपण नेहमी म्हणतो. हे खरे आहे. परंतु ते अर्धेच सत्य होय. डोळ्यांनी आणलेल्या वार्तेकडे मेंदूने लक्ष दिले, तरच ती वस्तू आपणांस दिसते. मेंदूने एका बाजूकडे लक्ष देणेच सोडले, तर त्या बाजूचे जग माणसाच्या लेखी नाहीसे होते.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खुंटला किंवा तेथे रक्तस्राव झाला, की त्या भागास इजा पोहोचते. अशा आघातानंतर पुष्कळदा शरीराची एक बाजू लुळी पडते. काही रोग्यांत मात्र याहूनही विलक्षण गोष्ट आढळते. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागास इजा झालेला असा रोगी जेवावयास बसला, की ताटाच्या उजवीकडील भाजी व आमटी संपवतो. डावीकडची चटणी आणि कोशिंबीर तशीच राहते. दाढी करताना तो उजवाच गाल साफ करतो. त्यास घड्याळ काढावयास सांगितले, तर कित्येकदा बाराही आकडे तो उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवतो.

मग हा दोष डोळ्यांचा असेल काय? इटलीतील मिलान शहरात बिझियाक आणि लुत्झात्ती या दोन संशोधकांनी या प्रश्नाचा मोठ्या कौशल्याने शोध घेतला. त्यांचा प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. मिलानच्या मध्यभागी एक भव्य चर्च असून त्याच्यासमोर विस्तीर्ण चौक आहे. चर्चकडे तोंड करून उभे राहिले, की उजव्या हातास जुना राजवाडा लागतो व डाव्या हातास काचेच्या छताची प्रसिद्ध बाजारपेठ लागते. दोन रोग्यांना हा चौक पूर्वीपासून चांगला परिचित होता. संशोधकांनी त्यांना सांगितले, “तुम्ही चर्चसमोर उभे आहात, अशी कल्पना करा. तुम्हांला काय काय दिसते?” रोग्यांनी सांगितली ती बहुतेक उजवीकडचीच ठिकाणे. नंतर त्यांना चर्चच्या दाराशी उभे राहून चौकाकडे पाहत असल्याची कल्पना करावयास सांगितले. आता डावे ते उजवे झाले होते. तेव्हा मघाशी गाळलेली ठिकाणे त्यांनी सांगितली आणि मघाशी सांगितलेली गाळली!

मुलांनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. येथे डोळ्यांचे काहीच काम नव्हते. चौक केवळ मनात होता. त्याची आठवणही शाबूत होती. हरपले होते ते डाव्या बाजूचे भान.

डावीच बाजू का हरवते? अनेक शास्त्रज्ञांच्या मते मेंदूचा उजवा अर्धा भाग दोन्ही बाजूंवर पहारा ठेवतो, तर डावा अर्धा भाग मुख्यतः उजव्या बाजूवर. म्हणून डावा भाग दुखावला, तरी उजवा बरेचसे सांभाळून घेतो. उजवा दुखावला, म्हणजे मात्र डाव्या बाजूस कोणी वाली उरत नाही.

या विकारातील सर्वांत कठीण गोष्ट अशी, की आपले काही हरवले आहे हे रोग्यास पुष्कळदा कळतच नाही. जे मुळी जाणवत नाही, त्याची उणीव तरी कशी भासावी? घरच्यांना वाटते, हा हट्टी झाला, निष्काळजी झाला. मग ते रागावतात आणि बिचारा रोगी गोंधळून जातो.

रागावण्यापेक्षा ताट फिरवून द्यावे, हे बरे. वाचताना पानाच्या डाव्या कडेला ठळक तांबडी रेघ ओढून देतात. ती रेघ सापडेपर्यंत नजर डावीकडे न्यावयाची, असा सराव रोग्याकडून करून घेतात. रस्ता ओलांडताना त्याच्या सोबतीस कोणीतरी असावेच. पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत पुष्कळांना उतार पडतो. काहींचा दोष मात्र दीर्घकाळ टिकतो.

दुसऱ्याच्या हातून झालेली प्रत्येक चूक हयगयीतून होत नाही. समोर असूनही न दिसणारी बाजू एखाद्यास दाखवावयाची, तर त्यासाठी शहाणपणाइतकीच माया आणि धीर लागतो.